अजिंठ्याच्या शहरात चित्र विकत कोण घेतो?

छत्रपती संभाजीनगरात चार माणसं जमली की बोलणं दोन विषयांवर येतं: बिडकीनला कोणती कंपनी येतेय आणि नळाला पाणी कधी येणार. त्यात तिसरा विषय घुसडण्याचं धाडस करतो आहे. शहरात चित्रकार आहेत, पैसाही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. ती पडावी यासाठी हे मुद्दे.

१. चित्रकारांची टंचाई नाही. किलेअर्कात १९७१ पासून शासनाचं कला महाविद्यालय आहे. मुंबईचं जे. जे., नागपूरचं आणि हे, अशी राज्यात सरकारची मोजकीच. मराठवाड्याच्या गावागावांतून पोरं इथे येतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी हट्टाने पाठवलेली. शिकून बाहेर पडली की कुणी कलाशिक्षकाच्या भरतीची वाट बघतो, कुणी फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात संगणकापुढे बसतो आणि ज्याला चित्रकारच व्हायचं आहे तो पुण्या-मुंबईची गाडी धरतो. शिकवण्याचा खर्च सरकारने करायचा आणि शिकलेला माणूस शहराने घालवायचा, असा हा व्यवहार आहे.

२. दाखवायची सोय बघा. मुंबईच्या जहांगीर कलादालनात एक आठवडा मिळवायचा तर काही वर्षं आधी अर्ज करावा लागतो. नंबर लागला की फ्रेमा, पॅकिंग, टेम्पो, आठवडाभराचा मुक्काम. प्रदर्शन मंगळवारी लागतं, सोमवारी उतरतं. हे ज्याला परवडत नाही तो गावातच एखाद्या संस्थेचं किंवा महाविद्यालयाचं सभागृह मागतो. ते असतं सभेसाठी बांधलेलं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणून चित्रं उसन्या ईझलवर, ईझल पुरले नाहीत तर खुर्च्यांवर टेकवलेली. वर ट्यूबलाइट. तिचा पांढरा पट्टा काचेवर असा पडतो की चित्र दिसावं म्हणून माणसाला मान वाकडी करून बाजूला सरकावं लागतं. उद्घाटनाला फीत, शाल, श्रीफळ, फोटो सगळं होतं. आणि संध्याकाळी लोक कामावरून सुटतात, नेमका तेव्हा शिपाई कुलूप घेऊन दारात उभा.

कोल्हापूरला शाहू स्मारकात कलादालन आहे, पुण्यात बालगंधर्वला आहे, घोले रोडला महापालिकेचं राजा रविवर्मा कलादालन आहे. आपल्याकडे नाटकासाठी संत एकनाथ रंगमंदिर उभं राहिलं, त्याच्या दुरुस्तीसाठी रंगकर्मी भांडले आणि ती करून घेतली. चित्रकार भांडले नाहीत, हेही खरं.

३. पैसा नाही, असं कुणी सांगू नये. २०१० च्या ऑक्टोबरात या शहराने एका फटक्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली, आपल्यालाही अभिमान वाटला. त्या गाड्या ज्या बंगल्यांसमोर उभ्या राहिल्या असतील, त्यांच्या दिवाणखान्यात काय टांगलं असेल? माझा अंदाज: धावणारे सात घोडे, पूर्वेच्या भिंतीवर, वास्तुतज्ज्ञाने सांगितले म्हणून. छापील.

४. इथे थोडं थांबतो, कारण मराठवाड्याला संग्रहाची हौस नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पैठणला बाळासाहेब पाटलांनी आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी सातवाहनकाळातलं मातीतून निघालेलं एकेक खापर, मणी, मूर्ती जमवली. आज त्यांच्या नावाने शासनाची संग्रहालयं उभी आहेत. ही मोठ्या शहरातली श्रीमंत माणसं नव्हेत. आपल्या गावची वस्तू गावातच राहिली पाहिजे, एवढा एकच हेका त्यांनी धरला. हा हेका जुन्या वस्तूंपाशीच का थांबला, हा माझा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या लहानशा गावात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. त्यात रविवर्मा आहे, तसंच त्यांच्या हयातीतल्या चित्रकारांचं कामही आहे. जिवंत माणसाचं चित्र विकत घ्यायला धीर लागतो, कारण ते पुढे मोठं ठरेल की नाही याची हमी कुणीच देत नसतं.

अजिंठ्याचंही तेच. लेणं क्रमांक १६ खोदवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. २६ क्रमांकाच्या लेण्यामागे बुद्धभद्र नावाचा भिक्खू. दोघांनी आपल्या काळातल्या कारागिरांना काम दिलं. पर्यटकांना आपण लेणी दाखवतो, त्यांचा खर्च कुणी केला हे मात्र सांगत नाही.

५. लिलावाच्या बातम्यांनी हुरळू नये. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं. नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांची चित्रंही कोटींच्या भाषेतच बोलतात. असल्या बातमीने उलट तोटा होतो. चित्र हे धनदांडग्यांचं काम, असं डॉक्टर, वकील, प्राध्यापक ठरवून टाकतात. इथल्या तरुणाचं चांगलं जलरंगचित्र मोबाइलच्या किमतीत मिळू शकतं. चित्रांवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

६. “आधी पाणी द्या, मग कलादालन” हा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. नळाला अनेक दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात मीही राहतो. पण जलवाहिनीचे कोट्यवधी रुपये आणि एका दालनाचे दिवे यांची बेरीज एकाच वहीत मांडायचं कारण नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० मधल्या महिलांच्या ‘डब्ल्यू-२०’ बैठकीच्या पाहुण्यांसाठी शहरातल्या भिंती रंगवल्या, तेव्हा पाण्याचा प्रश्न कुणी आडवा घातला नव्हता. त्याच महिन्यात सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला. महोत्सवाला नाव चित्रांच्या आणि शिल्पांच्या गावांचं, मंचावर मात्र गाणं आणि नाच. चित्रकाराच्या वाट्याला फार तर मागचा पडदा.

७. मागणी काय? नवी इमारत नको. भूमिपूजन, कोनशिला, मग ठेकेदाराचं बिल, यात दहा वर्षं जातील. कोची इथे २०१२ साली बिनाले सुरू झालं ते जुन्या वखारींतच. महापालिकेने हाताशी असलेल्या एका वास्तूत एक दालन द्यावं. पांढऱ्या भिंती, चित्रं टांगायला पट्टी, हलवता येणारे दिवे, रात्री आठपर्यंत उघडं दार, नाममात्र भाडं आणि नोंदणीची वही सगळ्यांना बघता येईल अशी. शिवाय दरवर्षी काही चित्रं जाणकारांच्या समितीमार्फत विकत घ्यावीत, त्यांची सूची करावी. पहिली दहा-वीस चित्रं वॉर्ड कार्यालयांत लागली तरी चालतील.

८. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांसाठी एकच ओळ: कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरच्या यादीत कला आणि संस्कृती लिहिलेली आहे.

९. आणि चित्रकारांनाही दोन शब्द. चित्राखाली किंमत लिहायची लाज सोडा. पावती द्या, सही-तारखेचं प्रमाणपत्र द्या, वर्षातून दोनदा स्टुडिओ लोकांना उघडा. पाहुण्यारावळ्यांना चित्रं फुकट वाटणं तर आजच बंद करा. फुकट मिळालेलं चित्र माळ्यावर जातं.

महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकाआधी आपापल्या नगरसेवकाला मुद्दा सातचा कागद द्या आणि पोच घ्या. तोवर या दिवाळीत घराला रंग काढाल, तेव्हा एका भिंतीसाठी किलेअर्कापर्यंत जाऊन या.