लौकिकाच्या धाकाने उजवलेल्या मुली

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावेच्या गावे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीचे ओझे घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि पुढचे पाचसहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे असल्याने, वयात आलेल्या मुलीला ठेवायचे कोठे, हा प्रश्न बापाच्या उरावर बसतो. फडावर न्यावी तर आडोसा नाही, आजीपाशी ठेवावी तर गावाच्या जिभेचा भरवसा नाही. अशा वेळी घराण्याची अब्रू राखण्याचा जो एकच मार्ग पिढीजात दस्तुराने मान्य केला आहे, तो म्हणजे तिला उजवून मोकळे होणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधीच लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के भरले.

हा बाप निर्दय असतो, असे मी कदापि म्हणणार नाही. मुलीची शाळा सोडवून तिला बोहल्यावर चढवताना त्याचे मन त्याला खात नाही. ती सतराव्या वर्षी अविवाहित घरी राहिली, तर मात्र खाते. ज्याला आपण सदसद्विवेक म्हणून पूज्य मानतो, तो पुष्कळदा लोकमतानेच घडवलेला असतो, आणि म्हणूनच त्याची टोचणी नेमकी उलट्या जागी लागते.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे, आणि गावपातळीवर अंमलबजावणीचा अधिकार राज्य शासनाने ग्रामसेवकाकडे दिला आहे. परंतु ज्या गावात रोज कारभार करायचा, त्याचा मुलाहिजा ग्रामसेवकालाही सुटत नाही, आणि ज्या गुन्ह्याची गावाला लाज नाही त्याची फिर्याद सहसा कोणी देत नाही.

तथापि लोकमत अढळ असते, हे मला मान्य नाही. १८९१ साली मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला, तेव्हा धर्म बुडाल्याचा आक्रोश पुण्यात झाला. सुधारणेचा कैवार घेतला म्हणून समाजसुधारक आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच काढण्यात आली. आज त्या आक्रोशाचे समर्थन करणारा मनुष्य शोधूनही सापडणार नाही.

तेव्हा बापाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे कोयते गाव सोडण्यापूर्वी उघडली पाहिजेत, आणि मुलींसाठी तेथे विश्वासाची स्त्री अधीक्षक असली पाहिजे, म्हणजे मुलगी शिकण्यासाठी मागे राहिली असे बापाला चारचौघांत ताठ मानेने सांगता येईल. शिवाय बालविवाहाला हजर राहणाराही कायद्याने दोषी ठरू शकतो. म्हणून सरपंच, गुरुजी आणि मतांसाठी मांडवोमांडवी हिंडणारे पुढारी यांनी आधी मुलीचे वय विचारावे, आणि ते अठराच्या आत असेल तर अक्षता टाकायला जाऊ नये, एवढेच नव्हे, तर आपण का आलो नाही हे सगळ्या गावाला ऐकू जाईल असे सांगावे.