गोठ्यांवरील मुकादमांना सुरक्षा-नेतृत्वाचे शिक्षण मिळण्याबाबत निवेदन

मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांचे सेवेशी

महोदय,

पुणे, सातारा व अहिल्यानगर जिल्ह्यांतील मोठ्या दुग्धगोठ्यांवर मुकादमी करणारे आणि त्यांच्या हाताखाली राबणारे आम्ही सह्या करणार आपणांस सविनय विदित करतो की, जेथे पूर्वी घरची चार जनावरे घरचीच माणसे सांभाळीत, तेथे आता शेकडो संकरित गाई, विजेची धारयंत्रे, कडबाकुट्टी आणि शेणस्लरीचे खोल हौद आले. परंतु या सर्वांवर देखरेख करणारा मुकादम मात्र जनावराची पारख व दुधाचा हिशेब एवढ्याच गुणांवर नेमला जातो, आणि हाताखालच्या माणसांचा जीव कसा राखावा हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

एप्रिल 2024 मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे, शेणाची स्लरी साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढावयास एक जण उतरला. त्यास वाचविण्यास दुसरा, त्याच्यामागे तिसरा, याप्रमाणे पाच जण प्राणास मुकले, आणि कमरेस दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला. सडत्या शेणातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहतो. आरंभी त्यास कुजक्या अंड्यांचा दर्प येतो, परंतु प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर होते, आणि म्हणून “आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही” हा गोठ्यावरील नित्याचा अंदाज नेमका प्राणघातक ठरतो. अशा प्रसंगी धैर्याची उणीव कोणाच्याच ठायी नसते. दुसऱ्या माणसास काठावरच अडवील आणि ज्याचा हुकूम सर्व मानतील असा शिक्षित मनुष्य तेथे हवा असतो.

अडकलेली वार उघड्या हातांनी काढताना ब्रुसेलोसिसची बाधा होऊ शकते, खवळलेला वळू माणसास गव्हाणीशी चिरडतो, हे आम्ही सारे जाणतो. तरीही कुट्टीत ओला मका अडकला म्हणजे यंत्र बंद करण्याचा वेळ वाचविण्याकरिता गडी चालत्या रुळांत हात घालतो, आणि मुकादम पाहूनही गप्प राहतो, कारण वैरण उशिरा पडली की धार लांबते, दुधाची गाडी ताटकळते, आणि त्याचा बोल त्यालाच लागतो. आमच्या मते सर्व अनर्थाचे मूळ या मौनात आहे.

सबब आमची मागणी अशी की, शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांच्यामार्फत मुकादमांचे वर्ग भरवावेत, आणि ते व्याख्यानाच्या दालनात न भरविता चालत्या गोठ्यावर, मराठीत व परप्रांतीय गड्यांसाठी हिंदीतही, भरवावेत. हौदात उतरण्यापूर्वीची खबरदारी, जनावर जखडण्याची रीत आणि यंत्राचा वीजपुरवठा तोडण्याचा क्रम यांबरोबरच, नव्या गड्यास न दरडावता कसे समजवावे, त्याची तक्रार कशी ऐकून घ्यावी, आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद दप्तरी कशी ठेवावी, हेही त्यांत शिकविले जावे. मात्र अधिकारावाचून शिक्षण पांगळे होय. म्हणून धोका दिसताच काम थांबविण्याचा लेखी अधिकार मुकादमास असावा, त्याबद्दल त्याची मजुरी कापली जाऊ नये, आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या गोठ्यास ही अट लागू करावी.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांस लागू होत असल्याने पाच-सात गड्यांचा गोठा तिच्या कक्षेबाहेर राहतो, आणि म्हणूनच आपल्या खात्याने याबाबत स्वतंत्र आदेश काढणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शेणखत शेतात नेण्याकरिता हौद व उकिरडे उपसण्याचे काम उन्हाळ्यात निघते. तरी पहिला वर्ग त्यापूर्वी भरेल अशी तजवीज व्हावी, आणि त्याची तारीख आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
गोठ्यांवरील मुकादम व गडी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)