‘छान’वर बंदी घाला!

आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. आरोपपत्र अगदी स्पष्ट होतं : हिच्यातून मींड निघत नाही आणि हिचे ठरीव सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. बिचारी पेटी काही दशकं रेडिओच्या फाटकाबाहेर उभी राहिली. पण आपला गुन्हा काय, हे तरी तिला ठाऊक होतं. आता वाद्यावर बंदी येऊ शकते, तर शब्दावर का येऊ नये? माझी नम्र सूचना अशी आहे की, मराठीतल्या ‘छान’ या शब्दावर, निदान कलेच्या बाबतीत, तीस वर्षांची बंदी घालावी. साडी, हवा आणि वांग्याची भाजी यांना हवी तर सूट द्यावी.

बँकेत पासबुकं छापणाऱ्या बी. कॉम. माणसाला ही उठाठेव सांगितली कुणी, असं आपण विचाराल. सांगितली आमच्या शेजारच्या मुलीनं.

ही मुलगी अकरावीत आहे. शास्त्र शाखा, दोन क्लास, आणि त्यातून वेळ उरलाच तर पियानो. पियानो म्हणजे खरा पियानो नव्हे. खऱ्याला ८८ पट्ट्या असतात, आणि तो आमच्या सिडकोतल्या जिन्यानं वर न्यायचा तर आधी जिना पाडावा लागेल. हिच्याकडं ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. उरलेल्या २७ पट्ट्या ती मनातल्या मनात वाजवते. परवा एका रविवारी तिनं आम्हा चार बिऱ्हाडांना बोलावलं. तीन महिने खपून स्वतः रचलेली साडेतीन मिनिटांची रचना ऐकवायची होती. सुरुवातीलाच ती म्हणाली, ‘‘काका, खरं खरं सांगायचं हं! कुठं बिघडलंय ते सांगा.’’

तिनं वाजवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचे वडील म्हणाले, ‘‘छान! आता बारावी होईपर्यंत बंद.’’ आमची ही म्हणाली, ‘‘छान गं! अगदी सिनेमातलं वाटतं.’’ विम्यात नोकरी करणारे शेजारी म्हणाले, ‘‘छान! आता एखादं ओळखीचं वाजव.’’ आणि मी म्हणालो, ‘‘छान! बोटं काय फिरतात गं तुझी!’’ जणू पोरीनं टायपिंगची परीक्षा दिली होती.

‘‘काका, मधला भाग लांबला का?’’

‘‘छे छे! मधला तर फारच छान!’’

वाचकहो, मधला भाग चालू असताना मी आतून येणाऱ्या वासावरून वडे बटाट्याचे की साबुदाण्याचे याचा अंदाज बांधत होतो. ती माझ्याकडं एक क्षणभर बघत राहिली. खोटी सही ओळखणाऱ्या कॅशियरची नजर अशीच असते.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की, ‘छान’ हा शब्द कौतुकाचा नाहीच. तो सुटकेचा शब्द आहे. वीस वर्षं काउंटरवर बसून मी ‘उद्या या’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही दोन वाक्यं उच्चारत आलो. समोरच्याला न दुखवता समोरून हलवायचं, एवढाच त्यांचा अर्थ. ‘छान’ हे त्याच घराण्यातलं तिसरं वाक्य. तुम्ही चुका काढा म्हणून हात जोडणाऱ्या मुलीला आम्ही चौघांनी मिळून ‘उद्या या’ सांगितलं, आणि वर तिचेच वडे खाल्ले!

खरी हरकत घेणं हासुद्धा मान असतो. आमच्या जिल्ह्यातल्या फुलंब्रीचं नाव आडनावात मिरवणारे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर घ्या. ‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागात चाल लावली, आणि तेच राष्ट्रगीत व्हावं म्हणून ती चाल दिल्लीत नेहरूंपुढं मांडली. नेहरूंची हरकत अशी की, ही बँडवर वाजवायला अवघड आहे. आता एवढ्या मोठ्या गवयाला ‘छान’ म्हणून चहा पाजणं नेहरूंना काही कठीण नव्हतं. पण हरकत नेमकी होती, म्हणून तिला उत्तर देता आलं. मास्तरांनी बँडवाल्यांना गाठलं, चाल बँडवर बसवली आणि पुन्हा दिल्ली गाठली. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा सन्मान. मास्तर ती लढाई हरले असं फार तर म्हणा. पण त्यांना लढता तरी आलं. ‘छान’शी कुणी कसं लढायचं?

यावर आमचे विम्यातले शेजारी म्हणतात, ‘‘अहो, खरं बोललं तर पोरं खचतात.’’ विमेवाल्यांना धोका आधी दिसतो. रशियातल्या चायकोव्हस्कीचंच उदाहरण देतो. १८७४च्या डिसेंबरात त्यानं आपली पियानोची नवी रचना निकोलाय रुबिनस्टाइनला ऐकवली. पहिला भाग संपला तरी रुबिनस्टाइन गप्प. पुढं एका पत्रात चायकोव्हस्कीनं या गप्प बसण्याची तुलना केली ती, आपण रांधून वाढावं आणि मित्रानं मुकाट्यानं जेवावं, याच्याशी. नंतर रुबिनस्टाइन बोलला, आणि बोलला ते असं की, ही रचना टाकाऊ आहे, वाजवण्याजोगीच नाही! चायकोव्हस्की खचला का? तो भडकला. एक सूरही बदलणार नाही म्हणाला. १८७५ साली बोस्टनमध्ये ती रचना वाजली आणि गाजली. रुबिनस्टाइननंही पुढं ती आपलीशी केली. आणि गंमत म्हणजे, एक सूरही न बदलणाऱ्या चायकोव्हस्कीनं नंतर स्वतःच तीत दुरुस्त्या केल्या. रुबिनस्टाइनसारखं अंगावर जा, असं मी म्हणत नाही. पण शिवीतून माणूस सावरतो, हे तरी कळलं. वाढलेलं मुकाट्यानं गिळणारा आणि घास तोंडात असतानाच ‘छान’ म्हणणारा, या दोघांतून सावरणं अवघड.

दुसरी सबब मी स्वतःच सांगत असे : ‘‘आपल्याला संगीतातलं काय कळतं?’’ ही सबब त्याच रविवारी निकालात निघाली. टाळ्या संपतायत तोच खालून कुणीतरी ओरडलं, ‘‘नळ आले!’’ आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळ आले की साऱ्या कला जागच्या जागी थांबतात. क्षणात खोली रिकामी झाली. मागं राहिल्या फक्त मुलीच्या आजी, कारण त्यांच्या हाती आता कुणी बादली देत नाही. मी चप्पल शोधत दाराशी घुटमळत होतो, तेव्हा आजींचा आवाज आला.

‘‘माय, ते मधे कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं बघ. मग तू ओ का दिली नाहीस?’’

आजींनी आयुष्यात कीर्तनाखेरीज काही ऐकलेलं नाही. मुलगी जागच्या जागी उभी राहिली. मग बसली, तेवढीच जागा दोनदा वाजवली आणि हळूच म्हणाली, ‘‘हो गं आजी. खरंच दिली नाही.’’

पुढच्या पाण्याच्या आधी, म्हणजे बऱ्याच दिवसांनी, तिनं मला एकट्याला बोलावलं. या वेळी वडे नव्हते. मधल्या हाकेला आता ओ मिळाली होती. ती ऐकून मलाच कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं. पण शेवटी काहीतरी खटकलं. ‘छा’ ओठांवर आला होता, तो गिळला. घसा कोरडा पडला. म्हटलं, ‘‘शेवट जरा घाईचा वाटला.’’

मला वाटलं, पोरगी आता रडणार. तिनं वही पुढं ओढली, पेन्सिल घेतली आणि विचारलं, ‘‘कुठून घाईचा, काका?’’

वीस वर्षांत माझ्या मताचा खुलासा कुणी मागितला नव्हता. कुठून ते मला सांगता येईना.

म्हटलं, ‘‘पुन्हा वाजव.’’