जिजाऊंच्या जिल्ह्यातल्या लेकी

आज 12 जानेवारी. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाकडे जाणारे सगळे रस्ते माणसांनी फुलले आहेत. 1598 मध्ये इथे लखुजीराव जाधव आणि म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. सव्वाचारशे वर्षांनंतरही एका लेकीच्या जन्माचा सोहळा करायला लाखो लोक या गावात येतात, याचा बुलढाणेकरांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

म्हणूनच 2011 च्या जनगणनेतला एक आकडा आज अधिक बोचतो. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 25 लाख 86 हजार होती. त्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 855. त्याआधीच्या जनगणनेत त्या 908 होत्या. निसर्गाचे प्रमाण साधारण साडेनऊशेचे. मधल्या दहा वर्षांत कुठल्या साथीने किंवा दुष्काळाने फक्त मुलीच नेल्या नव्हत्या.

गरिबीकडे बोट दाखवून हे झटकता येणार नाही. नायजेरिया, सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकी देशांत कितीतरी घरे आपल्याहून हलाखीत जगतात, तान्ही मुले दगावण्याचे प्रमाणही तिथे फार मोठे आहे. पण मुलगी म्हणून गर्भातच नाकारण्याची रीत तिथे रुजली नाही. आपल्याकडे हुंडा, वंशाचा दिवा, जमिनीचा वारस या जुन्या चिंता होत्याच; त्यांच्या हाती सोनोग्राफीचे यंत्र आले.

गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने 1988 मध्येच, देशात सर्वांआधी, कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा, तो 2003 मध्ये कडक झाला. 855 हा आकडा या सगळ्यानंतरचा आहे. 2015 मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’साठी निवडलेल्या पहिल्या 100 जिल्ह्यांत बुलढाणा होता, तो याच घसरणीमुळे. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी, तिथे भरल्या जाणाऱ्या एफ फॉर्मची छाननी हवीच. पण चाचणीचा हट्ट बहुधा घरातूनच निघतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे: उलट सिद्ध होईपर्यंत गर्भवतीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली, असेच तो धरून चालतो.

2011 मध्ये मोजलेल्या त्या मुली आता पंधरा ते एकवीस वर्षांच्या आहेत. शेतकरी मुलांची लग्ने जमत नाहीत, अशी हळहळ गावोगाव ऐकू येते. ती खरी आहे, शेतीच्या दैन्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरी सून मिळेना म्हणून मुलींची आठवण काढणे आम्हाला मान्य नाही. तिचा जन्म तिचा स्वतःचा आहे.

जनगणना आता 2027 मध्ये होईल. तोवर थांबू नये. दोन आठवड्यांनी, 26 जानेवारीला, ग्रामसभा भरतील. गावातल्या कुटुंबांत गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलामुलींची संख्या तिथे मोठ्याने वाचून दाखवावी. लहान गावात एका वर्षाचा आकडा फसवा असतो, म्हणून पाच वर्षे. जिथे मुली कमी दिसतील, तिथे का, हे सरपंचांनी आणि आशाताईंनी सभेतच विचारावे, आणि बायकांना आधी बोलू द्यावे.