शाळेच्या दारीं परिचारिका

न्यूयॉर्क शहरांत पूर्वीं गजकर्ण किंवा डोळ्यांचा विकार झालेल्या मुलांस शाळेंतून घरीं धाडीत. गरिबाघरीं औषधोपचार होत नसे. मूल मात्र विद्येस मुके. १९०२ सालीं लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट संस्थेनें लीना रॉजर्स या परिचारिकेस चार शाळांत पाठविलें. त्यांनीं शाळेंतच मलमपट्टी केली, घरीं जाऊन मातांस उपचार शिकविले. गैरहजेरी घटली, तेव्हां शहरानें आणखी परिचारिका नेमिल्या. संसर्गाचें भय खोटें नव्हे. परंतु रोग्यास दूर लोटणें म्हणजे रोग घालविणें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. यास्तव पालकहो, दारीं आलेल्या परिचारिकेस तपासनीस समजूं नका. आणि मुलांनो, आजारी सोबत्यास हिणवूं नका.