काम देणारा नामानिराळा

३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र उलटल्यावर शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवण्याचे अवजड यंत्र गर्डरसकट खाली आले. २० माणसे ठार झाली, त्यांतले बहुतेक परराज्यांतून आलेले. राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले, ठेकेदार-उपठेकेदारांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पुढे काही दिवसांत बातमी आतल्या पानावर गेली. अशा प्रत्येक अपघातानंतर हाच क्रम चालतो आणि त्यात एक पक्ष कायम नामानिराळा राहतो. काम किती दिवसांत व्हावे, त्याला किती पैसे मिळावेत आणि ते कोणाला मिळावे, हे ठरवणारा पक्ष, म्हणजे काम देणारा. तो कधी सरकारी महामंडळ असतो, कधी महापालिका, तर कधी विकासक. बांधकाम आणि दगडखाणींतले मृत्यू खरोखर कमी करायचे असतील तर कायद्याने हात घालायला सुरुवात त्याच्यापासून केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कारण साधे आहे. साइटवरची बहुतेक सुरक्षा ही पहिला खड्डा खणण्याआधीच, निविदा उघडते त्या टेबलावर, ठरून गेलेली असते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची आणि सुरक्षेचा खर्च त्या दरातच धरलेला आहे असे समजायचे, ही आपली रूढ पद्धत. परांचीला कठडे, खोल चराला आधाराच्या फळ्या, क्रेनची वेळच्या वेळी तपासणी, रात्रपाळीला पुरेसा प्रकाश आणि पुरेसे पर्यवेक्षक यांचे पैसे जो ठेकेदार प्रामाणिकपणे दरात धरतो, त्याचा दर वाढतो आणि काम दुसऱ्याच्या पदरात पडते. ज्याला मिळते तो ते तुकड्यातुकड्यांनी उपठेकेदारांना देतो. उपठेकेदार मुकादमाला गाठतो, मुकादम गावाकडून माणसे आणतो. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर थोडे पैसे झिरपून जातात आणि धोका मात्र सगळाच्या सगळा तळाशी पोहोचतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचा नियम मोडल्याची शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कठड्याच्या पाइपांचे दोन दिवसांचे भाडेही यापेक्षा जास्त होत असेल. नियम मोडणेच जिथे स्वस्त पडते तिथे नियमांची पुस्तके जाड करून काय होणार?

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो : मजूरच ऐकत नाहीत, हेल्मेट देऊनही घालत नाहीत, पट्टा कमरेला बांधतात पण अडकवत नाहीत. हे साफ खोटे आहे असे नाही. पण अलीकडचे मोठे अपघात समोर ठेवून पाहावे. जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि लहान मुलांसह १५ जण गेले. ती माणसे त्या वेळी कामावर नव्हतीच, झोपलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात रात्री स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर दगावले. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून मजूर खाली येत होते, लिफ्ट कोसळली, सात जण ठार झाले. यांतल्या कोणत्या ठिकाणी डोक्यावरच्या हेल्मेटने जीव वाचला असता? झोपड्या कुठे बांधायच्या, सळ्यांच्या जाळीला आधार किती द्यायचा, लिफ्टची तपासणी कोणी आणि केव्हा करायची, हे निर्णय मजुराच्या हातात कधीच नसतात. पट्ट्याचेही तसेच. तो अडकवायला वर मजबूत दोर किंवा तार आधीच ताणलेली असावी लागते, आणि जागोजागी हूक काढून घालण्यात जाणारा वेळ अंगावर काम घेतलेल्या माणसाच्या मजुरीतून कापला जाणार नसेल तरच तो अडकवला जातो. सुरक्षाशास्त्रातही हाच क्रम मानतात : आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर त्याला अडसर घाला, आणि हेल्मेट-पट्टे सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो, कारण शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि फोटोत सर्वांत छान दिसते.

काम देणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याची कल्पना हवेतली नाही. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या निर्देशानंतर ब्रिटनने १९९४ साली बांधकामाच्या आखणी आणि व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले, आणि २००७ व २०१५ मध्ये ते सुधारले. त्यात काम करवून घेणाऱ्याची कर्तव्ये वेगळी सांगितली आहेत. प्रकल्पाला पुरेसा वेळ आणि पुरेशी साधने देणे हे त्यांतले कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणजे अशक्य मुदत घालून द्यायची आणि अपघात झाल्यावर ठेकेदाराकडे बोट दाखवायचे, ही वाट तिथे कायद्यानेच अडवली. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठी झालेले प्रचंड बांधकाम एकाही कामगाराचा बळी न जाता पूर्ण झाले. २०२३-२४ या वर्षात ग्रेट ब्रिटनमधल्या सगळ्या बांधकामांवर मिळून ५१ कामगार दगावले. आपल्याकडे एका रात्रीत, एका पुलावर २० गेले. ब्रिटनचे यश केवळ या नियमांचे आहे असे कोणी म्हणू नये. तिथे १९७४ पासूनचा सक्षम कायदा आहे, स्वतंत्र तपास यंत्रणा आहे. शिवाय तिथे मेलेली माणसे मोजली जातात, हेही थोडे नाही. बांधकामावरच्या मृत्यूंचा भरवसा ठेवावा असा देशव्यापी वार्षिक आकडा आपल्याकडे निघत नाही. हाँगकाँगने १९९६ मध्ये याहून सोपा मार्ग काढला. सरकारी कामांच्या निविदेत सुरक्षेच्या बाबी स्पर्धेतून वगळल्या आणि त्यांचे पैसे, कंत्राटाच्या सुमारे दोन टक्के, ठरलेल्या दराने वेगळे द्यायला सुरुवात केली. सुरक्षा पुरवली असेल तर बिल मंजूर होते, नसेल तर तेवढे पैसे मिळत नाहीत. सुरक्षेवर खर्च करणाऱ्या ठेकेदाराला निविदेत हरण्याची भीती उरली नाही.

आपल्याकडे कायदा आहेच की, असे यावर म्हटले जाईल. तो आहे, आणि सुधारलाही आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला निम्मा तरी वाटा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दोन हजार रुपयांच्या तुलनेत ही मोठी झेप आहे. वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि आराखडा करणारे यांचीही कर्तव्ये त्यात स्वतंत्र कलमाने आली. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी बांधकामावर पूर्वी पाचशे कामगारांची अट होती, ती अडीचशेवर आली. ठेकेदाराने नुकसानभरपाई बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी ही तरतूद तर १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण ती तरतूद माणूस मेल्यानंतरची आहे. मुदत आणि किंमत ठरवताना घ्यायची काळजी हे काम देणाऱ्याचे वेगळे, नाव घेऊन सांगितलेले कर्तव्य संहितेतही नाही. त्यामुळे वाढलेली शिक्षासुद्धा व्यवहारात ज्याच्या नावावर हजेरीपट आहे त्या उपठेकेदारावर जाऊन आदळणार. त्याच्याकडे भरायला पाच लाख असतीलच असे नाही, आणि पुढच्या कामाला तो दुसऱ्या नावाने उभा राहू शकतो.

दगडखाणींत हा घोळ आणखी गडद होतो. इमारतीचा दगड, खडी, मुरूम ही गौण खनिजे. खाणपट्टा जिल्हाधिकारी देतात, स्वामित्वधन महसूल खाते घेते आणि माणसांच्या सुरक्षेची देखरेख मात्र केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, ज्याचे मुख्यालय धनबादला आहे. पैसे घेणारा जवळ आणि जीव सांभाळणारा लांब, अशी ही वाटणी. त्यात १९५२ च्या खाण कायद्याने खडी-मुरमाच्या छोट्या उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट ठेवली होती : खोली सहा मीटरपेक्षा जास्त नसावी, कामगार पन्नासपेक्षा जास्त नसावेत आणि सुरुंग वापरलेले नसावेत. सुरुंगाशिवाय काळ्या पाषाणाची खाण किती दिवस चालेल हे सह्याद्रीच्या कोणत्याही घाटाखालच्या माणसाला विचारावे. १९६१ च्या विनियमांनुसार कठीण खडकातली खाण पायऱ्यापायऱ्यांनी खणायची आणि एका पायरीची उंची सहा मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. उभी कडा ठेवली तर दगड सुटतो आणि खाली ड्रिल मारणाऱ्यावर किंवा डंपर भरणाऱ्यावर येतो. पायऱ्या ठेवायच्या तर पट्ट्यातला बराच दगड तसाच सोडावा लागतो, म्हणून त्या ठेवल्या जात नाहीत. आणि गंमत पाहा, हे मोजायची यंत्रणा नाही असेही नाही. बेकायदा उत्खनन पकडायला महसूल खाते इलेक्ट्रॉनिक यंत्राने, ज्याला तिथे सगळे ईटीएस मोजणी म्हणतात, खाणीचे मोजमाप करते. किती ब्रास दगड जास्त निघाला याचा हिशेब करून दंड लावते. ‘महाखनिज’ प्रणालीवर वाहतुकीचे परवाने नोंदले जातात. त्याच मोजणीत कडेची उंचीही कळते. ती लिहून घ्यायची आणि मर्यादेबाहेर असेल तर वाहतूक परवाना थांबवायचा, एवढे केले तरी पुष्कळ होईल. शिवाय या खडीचे मोठे गिऱ्हाईक सरकारी रस्तेच आहेत. पायऱ्या न ठेवणाऱ्या खाणीची खडी आमच्या कामावर चालणार नाही, ही अट सरकार गिऱ्हाईक म्हणून आजही घालू शकते.

धुळीची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिथे अपघात दिसतच नाही. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसे निकामी होतात. सिलिकोसिसवर इलाज नाही, तो फक्त टाळता येतो, आणि टाळायला ड्रिलच्या टोकाशी पाणी, क्रशरवर फवारे आणि झाकण एवढे मुख्यतः लागते. मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याच्या क्वार्ट्‌झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि तो रोग घेऊन परतले. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तो गुजरात सरकारला. म्हणजे भरपाई अखेर जनतेच्या तिजोरीतून गेली. रोग दिसेपर्यंत वर्षे उलटतात, मुकादम बदललेला असतो, हजेरीपट कधी होता का इथूनच वाद सुरू होतो. ज्या व्यवस्थेत फक्त शेवटचा ठेकेदार जबाबदार, तिथे या आजाराला जबाबदार कोणीच नसतो.

खर्च वाढेल, घरे महागतील, रस्ते रखडतील, हा आक्षेप गांभीर्याने घेण्यासारखा आहे. खर्च वाढेलच. हाँगकाँगचा दोन टक्क्यांचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असेही नाही. पण आज हा खर्च होतच नाही असे समजणे चूक आहे. तो कटिहारच्या किंवा मुर्शिदाबादच्या एखाद्या घरातून वसूल होतो, आणि उरलेला मदतनिधीतून. पैसा नाही म्हणावे तर बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर १९९६ पासून कायद्यात आहे. त्यातून देशभर ३७,४०० कोटी रुपये जमले आणि सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात केली. मजुरांच्या नावाच्या या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन खरेदी झाल्याचेही त्या प्रकरणात पुढे आले. हा उपकर कल्याणासाठी आहे, त्यातून ठेकेदाराचे कठडे उभारावेत असे मी म्हणत नाही. पण सुरक्षेपुरताच तिजोरीचा खडखडाट ऐकू यावा, हे पटणारे नाही.

मग स्वतःचे घर बांधणाऱ्या शिक्षकाने, शेतकऱ्याने सुरक्षा अधिकारी नेमायचा का? मुळीच नाही. ब्रिटिश नियमांतही घरगुती बांधकाम करणाऱ्याची कर्तव्ये सहसा ठेकेदाराकडे जातात. माझा रोख सार्वजनिक प्रकल्प, मोठे विकासक आणि खाणपट्टाधारक यांच्यावर आहे. इन्स्पेक्टर राज परत येईल ही भीती मात्र इथे उलटी लागू पडते. नव्या संहितेने निरीक्षकाला सुविधाकारही केले आहे, आणि कोणती साइट तपासायची हे आता संगणक ठरवणार. ते नीट चालले तरी मूठभर निरीक्षक हजारो साइटना कसे पुरे पडणार? काम देणाऱ्याचे अभियंते मात्र रोज साइटवर असतातच. सार्वजनिक बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता काँक्रीटचा घनमीटर आणि सळीचे वजन मोजून मेजरमेंट बुकात चढवतो, तेव्हाच ठेकेदाराचे रनिंग बिल निघते. परांचीचा कठडा, आधाराच्या फळ्या, लिफ्ट-क्रेनच्या तपासणीचा दाखला, मजुरांच्या झोपड्यांची जागा या बाबी त्याच वहीत स्वतंत्र दराने आल्या तर वेगळा निरीक्षक नेमावा लागणार नाही. निविदा-अटी बदलायला संसदेत जाण्याची गरज नाही. राज्य सरकारला आपल्या खात्यांपुरता आणि महामंडळांपुरता तो बदल शासन निर्णयाने करता येईल, आणि जमीन व परवानग्या देताना मोठ्या विकासकांनाही त्यात ओढता येईल. खासगी कामांसाठी काम देणाऱ्याचे कर्तव्य कायद्यातच लिहावे लागेल, त्याला वेळ लागेल. पण पातळ काँक्रीटसाठी बिल कापणारा अभियंता कठड्यावाचून चालू असलेल्या कामाचेही बिल कापू लागला, तर ठेकेदार कठडा लावेल. कारण तेव्हा तो न लावणे त्याला महाग पडेल.