आजोबांची जीप उंच करण्याआधी



वारासिवनीच्या एका तरुण वाचकाचं पत्र आलंय. नोकरी पुण्याला, घर इकडे. आजोबांची महिंद्रा एमएम ५४० गेली सात-आठ वर्षं धानाच्या कोठाराशेजारी शेडमध्ये उभी आहे. आई म्हणते भंगारात द्या, आजी म्हणते हात लावाल तर बघा. दिवाळीच्या सुट्टीत गाडी चालू करून आजीला बैहरमार्गे मुक्कीपर्यंत फिरवून आणायचं, असं या चिरंजीवांनी ठरवलंय. त्यासाठी यादीही तयार आहे: मोठे टायर, चार इंच लिफ्ट, ताकदीचं इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स. खाली प्रश्न, "काका, सुरुवात कुठून करू?"

अशा जीपा आपल्या जिल्ह्यात अजून बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात उभ्या आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

यादीतली कुठलीच गोष्ट वेडगळ नाही. पण फोर-बाय-फोर गाडीत इंजिनापासून रस्त्यापर्यंत एक साखळी असते. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, जॉइंट शाफ्ट, क्राऊन-पिनियन, अॅक्सल आणि शेवटी चाक. कंपनीने प्रत्येक कडी शेजारच्या कडीला झेपेल इतपत मजबूत केलेली असते. एक कडी बदलली की ओढ पुढच्या कडीवर येते. म्हणून यादी करायची ती शेवटच्या टोकाकडून, म्हणजे गाडी कुठे आणि किती माणसं घेऊन जाणार, तिथून.

बालाघाटहून मुक्की साधारण ८० किलोमीटर. गांगुलपाऱ्याचा घाट सोडला तर रस्ता डांबरी आणि सरळसोट. कान्ह्याच्या गाभ्यातली सफारी नोंदणी केलेल्या जिप्सीतून होते, घरची जुनी डिझेल जीप फाटकाबाहेरच थांबणार. शेताकडे जायचं तर मुरमाची वाट, पावसाळ्यात एखादा रपटा, धानाच्या बांध्यांमधला चिखल. या सगळ्यासाठी आजोबांनी ती गाडी जशी होती तशीच वापरली. तिला उंचीची गरज आहे असं मला वाटत नाही. तिला गरज आहे ती पुन्हा नीट वाकण्याची आणि नीट थांबण्याची.

टायरचा हिशेब आधी करू, कारण मोह तिथूनच सुरू होतो. उदाहरण जिप्सीचं घेतो, तिच्या टायरवर मापं स्पष्ट छापलेली असतात. २०५/७० आर १५ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, आणि रिम १५ इंची. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि वर-खाली प्रत्येकी १४३.५ धरले तर चाकाचा व्यास होतो ६६८ मिलिमीटर. हौशी मंडळी तिथे २३५/७५ आर १५ चढवतात. त्याचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. वाढ जवळजवळ दहा टक्के. गाडी उचलली गेली किती? अर्धा फरक, म्हणजे ३३ मिलिमीटर, सव्वा इंचापेक्षा थोडी जास्त. बदल्यात काय गेलं? स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल, आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकाची ओढ नऊ टक्क्यांनी कमी झालेली असेल. घाटात जिथे तिसऱ्या गिअरमध्ये चढत होतात तिथे दुसरा टाकावा लागेल. ब्रेकलाही तेच चाक जास्त लांब हाताने फिरवल्यासारखं होतं, थांबवायला जोर अधिक लागतो. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हे पहिल्याच उतारावर पायाला कळतं.

गेलेली ओढ परत मिळवायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे क्राऊन-पिनियनचं प्रमाण बदलणं. महिंद्राने बरीच वर्षं बनवलेल्या विलीज सीजे-३बी जीपचं पाहा. पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३, म्हणजे प्रमाण ५.३८. पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केसचा लो गिअर २.४६. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. इंजिन ३७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. एवढीशी पेट्रोल जीप भरलेली ट्रॉली चिखलातून ओढायची ती या सदतिसाच्या जोरावर. मोठे टायर लावून नंतर "गाडीत दम नाही" म्हणत इंजिन शोधायला निघणारे लोक खरं तर हा आकडा स्वतःच कमी करून बसलेले असतात.

प्रमाण बदलायचंच असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलचं एकसारखं बदलावं लागतं. फक्त मागचं बदललं तर टू व्हीलमध्ये काही जाणवणार नाही, आणि फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील. जुना डाव्या-उजव्या अॅक्सलचा ढीग विकत घेताना दुकानदार "सगळे सारखेच" म्हणतो. त्याच्यावर विसंबू नका. चाक उचलून शाफ्ट हाताने फिरवा आणि फेऱ्या मोजा, किंवा झाकण उघडून दात मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता इंजिन. इथे आपल्या शेजारच्या जबलपूरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या व्हेइकल फॅक्टरीने १९६९ पासून लष्करासाठी जोंगा बनवली. मूळ गाडी निसानची पेट्रोल, आणि नाव "जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली" यातल्या अक्षरांवरून. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लष्कराला परवडेल, घरगुती गिऱ्हाइकाला कुठून परवडणार? १९९६ मध्ये फॅक्टरीने सर्वसामान्यांसाठी जोंगा काढली तेव्हा तिला हिनो घराण्याचं डिझेल इंजिन बसवलं. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन घालण्याचा आपला घरगुती उद्योग एका सरकारी कारखान्याने स्वतः करून पाहिला. त्यांच्याकडे ड्रॉइंग होती, चाचणीची जागा होती, इंजिनाला जुळणारे बाकीचे भाग ठरवणारे इंजिनिअर होते. तरी ती गाडी फारशी खपली नाही, आणि १९९९ मध्ये जोंगाचं उत्पादनच थांबलं. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये दोन रात्रींत इंजिन बदलून देतो म्हणणाऱ्याला मी म्हणूनच हात जोडतो.

एमएम ५४० मधलं प्यूजो घराण्याचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन ताकदीला बेताचं आहे हे खरं. पण दीडपट जोराचं इंजिन बसवलंत तर लो गिअरमध्ये शाफ्टवर येणारा पीळही दीडपट होतो. आधी क्लच घसरेल, तो भारी घातलात की शाफ्टचे क्रॉस बोलू लागतील, ते बदलले की पिनियनचे दात. शिवाय जड इंजिन बसलं की पुढच्या कमानी बसतात, म्हणून त्यांत पाटा वाढवायचा, मग स्टिअरिंग जड होतं. खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इंजिन नंबर आणि इंधन आरसीवर छापलेलं असतं. तेव्हा इंजिनाला हात लावायच्या आधी आरटीओची लेखी परवानगी, नंतर नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. आजोबांच्या गाडीचं ते संपलेलं असणार. पुण्याहून येण्याआधी घरच्यांना आरसी शोधून फोटो पाठवायला सांगा. कागद सापडले नाहीत तर बाकीची चर्चा आठवडाभर पुढे ढकला. आणि नोंद न केलेल्या बदलाची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी काय म्हणेल, हे आजी शेजारी बसलेली असताना शिकायची गोष्ट नाही.

माझ्या मते पैसे घालायचे ते कमानींमध्ये. जुनी जीप "हाडं खिळखिळी करते" अशी तिची ख्याती आहे, आणि लोक दोष डिझाइनला देतात. अर्धा दोष गंजाचा असतो. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे. खड्ड्यात कमान वाकते तेव्हा हे पाटे एकमेकांवर किंचित सरकतात. थोडं घर्षण हवंच, त्याने उसळी दबते. पण सात-आठ वर्षं शेडमधल्या ओलीत उभ्या असलेल्या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटतात. सुटे पाटे वाकतात, चिकटलेले पाटे एका जाड पहारीसारखे वागतात. पाट्याची जाडी वाढली की ताठपणा घनाच्या हिशेबाने वाढतो. सहा मिलिमीटरचा पाटा आणि आठ मिलिमीटरचा पाटा, फरक दोन मिलिमीटरचा, पण दुसरा सव्वादोन पटींहून अधिक ताठ. आता सगळी कमानच एक झाली तर काय होईल याचा अंदाज करा.

म्हणून कमानी पूर्ण उतरवून घ्या. मधला सेंटर बोल्ट काढताना कमान वाइसमध्ये किंवा जाड क्लॅम्पमध्ये धरलेली असू द्या, ती उडते आणि हात मोडते. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने साफ करा, तडा दिसतो का पाहा, विशेषतः सेंटर बोल्टच्या भोकाजवळ. मधे ग्रॅफाइट ग्रीस किंवा नायलॉनच्या पट्ट्या. शॅकल आणि रबरी बुश सगळे नवे. शॉकअप चारही नवे. बसलेल्या कमानीची गोलाई परत काढायची असेल तर ती थंड्या ठोक्याने काढणारा कमानीवाला शोधा. गॅसच्या बत्तीने लाल करून वाकवणाऱ्याला देऊ नका, त्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि दोन महिन्यांत कमान पुन्हा बसते. एवढं केलं की गाडी आपोआप इंच-दीड इंच वर येते, कारण तितकी ती खाली बसलेलीच होती. हीच तुमची लिफ्ट.

"पण मुक्कीच्या जिप्सीवाल्यांच्या गाड्या उंच आणि कडक असतात." असतील. त्यांच्या मागच्या भागात सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि ड्रायव्हर, रोज सकाळ-संध्याकाळ. त्या ओझ्याला जास्तीचा पाटा शोभतो. तुमच्या जीपमध्ये तिघं बसणार. आठ पाट्यांच्या कमानीत तसाच नववा घातलात तर ती साधारण एक अष्टमांशाने ताठ होते, आणि रिकाम्या गाडीत तो सगळा ताठपणा पाठीला लागतो.

काही जण कमान अॅक्सलच्या खालून काढून वर बसवतात. स्वस्तात पाच-सहा इंच मिळतात, फोटोत गाडी झकास दिसते. पण जीपचा मागचा शाफ्ट आखूड असतो. समजा तो ५० सेंटिमीटरचा आहे आणि गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर शाफ्टचा कोन सुमारे ११ अंशांनी वाढतो. क्रॉसमधून फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा मागेपुढे होतो. १० अंशांवर हा फरक दीड टक्का, २० अंशांवर सहा टक्के. दोन्ही टोकांचे कोन समान असले तर एक क्रॉस दुसऱ्याची चूक भरून काढतो. उचललेल्या गाडीत ते समान राहत नाहीत, म्हणून ५० च्या पुढे गाडी थरथरते, आणि शेवटी क्रॉस तुटतो. स्टिअरिंगची ड्रॅग लिंकही तिरकी होते, खड्डा आला की चाक आपल्या मनाने वळतं. ब्रेकचे पाईप ताणले जातात. आणि गुडघ्याच्या दुखण्याची आजी सहा इंच उंच पायरी चढणार कशी, हे यादीत कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

शाफ्ट उतरवावाच लागेल, क्रॉस बदलायला. उतरवण्याआधी सरकणाऱ्या जोडावर दोन्ही बाजूंना खडूने किंवा छिन्नीने एका रेषेत खूण करा. जोड एक दात जरी चुकीचा बसला तरी दोन्ही क्रॉसचा मेळ बिघडतो, आणि मग लोक महिनाभर टायर बॅलन्स करत बसतात.

पुढच्या चाकांना हब लॉक असतील तर डांबरी रस्त्यावर ते सुटे ठेवा. वॉर्न नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९४८ मध्ये जीपसाठी असे हब बनवायला सुरुवात केली, आणि जुन्या जीपवर करण्यासारखी स्वस्तातली सर्वात चांगली सुधारणा मला अजूनही तीच वाटते. पुढचा अॅक्सल उगाच फिरत नाही, झीज आणि डिझेल दोन्ही वाचतं. फोर व्हील मात्र कोरड्या डांबरावर टाकू नका, घाटाच्या वळणांवर तर मुळीच नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि मधे डिफरन्शियल नसल्यामुळे तो पीळ थेट गिअरांवर चढतो.

या सगळ्याच्याही आधी ब्रेक: सिलिंडर, रबरं, पाईप, तेल, सगळं नवं. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहीन. तोवर गाडी शेडमधून बाहेर काढलीत तर दोरीने ओढून काढा, चालवून नको.

एक राहिलं. कमानी परत चढवताना यू-बोल्ट जुने वापरू नका, ते एकदा ताणले की ताणले. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हातघट्ट करा, आणि चाकं जमिनीला टेकून वजन आल्यावर शेवटचे आवळा, नाहीतर बुश पहिल्याच आठवड्यात पिळून फाटतात. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. बालाघाटहून मुक्की आणि परत म्हणजे १६०, तेव्हा पाना सोबत ठेवा आणि परतीच्या वाटेवर बैहरला आजीचा चहा होईपर्यंत ते काम उरकून घ्या.